मोड आलेला कांदा : एक वस्तुपाठ

(इयत्ता ४ थी व ५ वी; विषय : परिसर अभ्यास)

उद्देश : मोड येणे व कुजणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष पाहून समजावे.

साहित्य : मोड आलेला घट्ट कांदा, कुजलेला कांदा, हिरवट पडलेला बटाटा, सुरी.

विषयप्रवेश : रब्बीचा कांदा चाळीत कितीही जपून ठेवला तरी पावसाळा सरता सरता त्यास कोंब फुटू लागतात. असा कांदा विषारी समजून कित्येक घरी उकिरड्यावर टाकतात. हिरवट बटाटा मात्र निःशंकपणे शिजवितात. वस्तुतः जपावयाचे ते बटाट्याच्या बाबतीत.

निरीक्षण : शिक्षकांनी कांदा उभा चिरून दाखवावा. तळाची चपटी चकती हे त्याचे खोड होय. तिच्यावरील मांसल पापुद्रे म्हणजे पानांचे बुंधे. त्यांत वनस्पतीने पुढील वाढीकरिता अन्न साठविलेले असते. मध्यभागीचा अंकुर त्या शिदोरीवर वाढतो; म्हणून पापुद्रे सैल पडतात, गोडी घटते व चव किंचित कडसर होते. परंतु त्यात विष उत्पन्न होत नाही. तो हिरवा कोंब म्हणजे आपल्या परिचयाची कांद्याची पातच होय.

बटाट्याची गोष्ट वेगळी. त्याच्या कोंबांत व हिरवट सालीत सोलॅनिन नावाचे विषारी द्रव्य वाढते. ते उकडल्याने नाहीसे होत नाही. त्यामुळे मळमळ, उलट्या व पोटदुखी होते. शाळेच्या मध्यान्ह भोजनात असा बटाटा मुळीच वापरू नये.

कांद्याची परीक्षा : मुलांनी कांदा दाबून व हुंगून पाहावा. घट्ट व नेहमीच्या वासाचा असल्यास तो खाण्यास योग्य. मऊ, चिकट वा दुर्गंधीयुक्त असल्यास टाकावा. काळी बुरशी केवळ बाहेरील पापुद्र्यावर असेल तर तो काढून कांदा धुवावा. ती आत पोचली असल्यास कांदा टाकून द्यावा.

उपयोग : कोंब बारीक चिरून पिठल्यात, आमटीत किंवा थालीपिठाच्या पिठात घालावा. उरलेला कांदा फोडणीस वापरावा. शिजल्यावर कडसरपणा फारसा जाणवत नाही. मोड आलेला कांदा अधिक टिकत नाही, म्हणून तो आधी संपवावा. साठवणीचे कांदे कोरड्या, हवेशीर जागी पसरून ठेवावेत.

उपक्रम : हिवाळ्याच्या प्रारंभी एक मोड आलेला कांदा मुळांची बाजू खाली करून शाळेच्या बागेत लावावा. प्रथम पात येईल, पुढे दांड्यावर पांढऱ्या फुलांचा गोंडा धरून त्यात काळे बी तयार होईल. शेतकरी कांद्याचे बी असेच धरतात. मुलांनी आठवड्यातून एकदा दांड्याची उंची मोजून वहीत नोंदवावी.

प्रश्न :
१. मोड आलेल्या कांद्याचे पापुद्रे सैल का पडतात?
२. कोंब आलेला कांदा चालतो, पण हिरवट बटाटा का चालत नाही?
३. आज घरी जाऊन टोपलीतील कांदे तपासा. आधी वापरावयाचे कोणते व टाकावयाचे कोणते, ते आईवडिलांस कारणासह सांगा.