गंजलेला खिळा व हिरड्याचे पाणी

(इयत्ता ६ वी व ७ वीच्या विज्ञान शिक्षणासाठी पाठ)

प्रस्तावना : मोहर्ली परिसरात पावसाळ्याचे चार महिने हवा ओलसर असते. शाळेचे फाटक, खिडक्यांचे गज, बाकांचे पाय यांवर या काळात तांबूस गंज चढतो. मी शिक्षक असताना एका शाळेत गंज न खरवडताच गजांवर रंग देण्यात आला. वरून गज नवे दिसू लागले. परंतु रंगाखाली गंज वाढतच राहिला. दुसऱ्या वर्षी एक गज बुडाशी तुटून एका मुलाच्या तळहातास खोल जखम झाली. तेव्हापासून हा विषय मी केवळ पुस्तकी मानीत नाही.

विषय-विवेचन : लोखंड, पाणी व हवेतील प्राणवायू एकत्र आले म्हणजे गंज तयार होतो. गंजाचा थर सच्छिद्र असल्यामुळे तो ओलावा धरून ठेवतो व आतील धातू पुढे खाल्ला जातो.

हिरडा, बेहडा, आवळा यांच्या फळांत आणि बाभूळ व ऐन यांच्या सालीत टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते. कातडी कमावण्यासाठी ते पूर्वापार वापरात आहे. टॅनिनच्या रेणूतील लगतचे हायड्रॉक्सिल गट खेकड्याच्या नांग्यांप्रमाणे लोहाचे कण पकडतात. त्यातून पाण्यात न विरघळणारे निळसर काळे संयुग बनते. त्यास लोह-टॅनेट म्हणतात. लोखंडी विळीवर आवळा चिरला असता काळा पडतो, किंवा लोहयुक्त बोअरच्या पाण्याचा चहा काळपट होतो, त्याचे कारण हेच. युरोपात शतकानुशतके वापरलेली काळी शाईही याच क्रियेने बनत असे. आज वस्तुसंग्रहालयांत जुन्या लोखंडी वस्तूंच्या जतनासाठी टॅनिनचे द्रावण वापरतात.

गंजरोधक म्हणून पूर्वी शेंदूर, म्हणजे शिशाचे संयुग, व क्रोमेट यांचा वापर फार होई. शिसे मुलांच्या मेंदूस अपाय करते. क्रोमेटमुळे कर्करोगाचा धोका संभवतो. भारतात घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशावर २०१६ च्या नियमांनी ९० पीपीएम ही मर्यादा घातली असून ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. वनस्पतिजन्य टॅनिनकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले जाण्याचे हे एक प्रमुख कारण होय.

साहित्य : सहा-सात वाळलेले हिरडे, तीन लोखंडी खिळे, ब्रश, ओले फडके, पॉलिश कागद, थोडा तैलरंग.

कृती : खिळे चार दिवस मिठाच्या पाण्याने ओले ठेवून गंजू द्यावेत. हिरडे भरडून दोन पेले पाण्यात, पाणी निम्मे होईपर्यंत, शिक्षकांनी स्वतः उकळावेत व गाळून घ्यावेत. भांडे लोखंडी नसावे. अन्यथा टॅनिन भांड्याच्या लोहाशीच संयोग पावेल. खिळे धुऊन वाळवावेत. पहिला खिळा तसाच ठेवावा. दुसऱ्या व तिसऱ्याचा सुटा गंज घासून काढून त्यांवर काढा दोनदा लावावा व वाळू द्यावा. तिसऱ्यावर शेवटी तैलरंग द्यावा. तिन्ही खिळे आठ दिवस ओल्या फडक्यावर ठेवून मुलांनी रोज नोंद करावी.

अनुमान : काढा लावलेला गंज काळवंडतो. मात्र दुसऱ्या खिळ्यावर काही ठिकाणी पुन्हा तांबूस डाग उमटण्याचा संभव असतो. तिसरा बहुधा सर्वांत चांगला टिकतो. यावरून टॅनिन ही रंगाखालची पूर्वतयारी आहे, रंगाचा पर्याय नव्हे, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे.

शिक्षकांस सूचना :
१. हिरडे किराणा दुकानातून आणावेत. ताडोबालगतच्या गावांत वाघाचा वावर आहे. फळे वा साली आणण्यास मुलांना जंगलात कदापि पाठवू नये. साल काढल्याने झाडासही इजा होते.
२. काढ्याचे डाग कपड्यांवरून जात नाहीत.
३. गंजाने खाल्लेल्या लोखंडास टॅनिन पुन्हा बळ देत नाही. गज हाताने हलत असेल तर तो रंगवू नये; शाळा व्यवस्थापन समितीस लेखी कळवून बदलून घ्यावा.

स्वाध्याय : शाळेतील प्रत्येक गज, फाटक व बाक तपासून मुलांनी ‘वरवरचा गंज’ व ‘आत खाल्लेले’ अशी दोन रकान्यांची यादी करावी. दुसऱ्या रकान्यातील वस्तूंची दुरुस्ती पावसाळ्यापूर्वी झाली, तरच हा पाठ पूर्ण झाला असे समजावे.