झुडपी आणि निस्तार : कोळसापट्ट्यातील जमीन-दप्तराची भाषा

ग्रामीण साहित्याचा अभ्यास करताना आपण कथा-कादंबरीतील जमिनीचा विचार करतो. ज्या कागदांवर त्या जमिनीचे भवितव्य ठरते त्यांच्याकडे सहसा वळत नाही. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’मुळे धरणग्रस्तांचे विस्थापन मराठी समीक्षेच्या कक्षेत आले. नागपूर-चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यातील विस्थापन वाचावयाचे, तर महसुली दप्तर उघडावे लागते. रामदासपेठेत बसून त्या दप्तराच्या छायाप्रती चाळताना ज्या दोन शब्दांपाशी पुन:पुन्हा थांबावे लागले, त्यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पहिला शब्द ‘निस्तार’. संस्कृतात त्याचा अर्थ तरून जाणे. मालगुजारी मुलखात तो सरपण, चराई, माती, पाणी अशा गावाच्या नित्य गरजांसाठी रूढ झाला. तरून जाण्यासाठी जे लागते ते निस्तार, हा अर्थविस्तार कोणा पंडिताने घडविलेला नाही. १९५१ साली मालगुजारी संपली. तथापि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने (१९६६) कलम १६१ अन्वये निस्तारपत्रक विदर्भापुरते राखले. गावातील बिनभोगवट्याच्या जमिनीची व्यवस्था त्यात नमूद असते आणि रहिवाशांची इच्छा अजमावून ते कायम करावयाचे असते. कलम १६५ मधील वाजिब-उल-अर्ज वाट, पाणी, मासेमारी यांच्या रूढी नोंदवितो. सातबारा खातेदाराला ओळखतो. हे दोन कागद वापरणाऱ्याला ओळखतात. ज्याच्या नावे एकरभरही जमीन नाही अशा गुराख्याला, कुंभाराला किंवा भोयाला दप्तरात जागा असलीच, तर ती येथे.

आता खाणीची भाषा पाहू. वरोऱ्याची खाण १८७१ साली सुरू झाली, म्हणजे कोळसा या भागाला नवा नाही. परंतु राष्ट्रीयीकरणानंतर वाढलेल्या खुल्या खाणींनी जमिनीची भूक अनेक पटींनी वाढविली. संपादन होते ते कोळसाधारक क्षेत्र अधिनियम, १९५७ अन्वये. कलम ७ ची अधिसूचना भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध होते. तीत गावाचे वर्णन भूमापन क्रमांक आणि हेक्टर यांत येते. हरकतीस तीस दिवस. हरकत घ्यावयाची ती ‘हितसंबंधी’ व्यक्तीने, आणि हितसंबंधी म्हणजे मोबदल्यात हिस्सा मागू शकणारा! ही व्याख्याच लेखाच्या दृष्टीने कळीची आहे. निस्तारपत्रकात जो गावाचा रहिवासी म्हणून बोलू शकतो, त्याला राजपत्रात आधी मोबदल्याचा दावेदार व्हावे लागते. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणातील ‘दोन एकरांमागे एक नोकरी’ हे सूत्रही खातेदाराच्याच मापाने चालते. गुरे चारण्याचे एकर कोण मोजणार?

परिणाम केवळ आर्थिक नाहीत. खाणीतील पाणी सतत उपसल्याने भोवतालच्या विहिरींची पातळी खाली जाते, वरच्या मातीचे डोंगर नाले अडवितात, कपाशीच्या बोंडांवर काळी भुकटी बसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथे होते. त्या गुणांत औष्णिक वीज आणि अन्य कारखान्यांचाही वाटा आहे, हे मान्य करावे लागेल.

दुसरा शब्द ‘झुडपी जंगल’. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत खुरट्या झुडपांची, शेतीस निरुपयोगी मानलेली जमीन या नावाने नोंदली गेली. ‘जंगल’ म्हणावे तर ती महसूल खात्याची, ‘पडीक’ म्हणावे तर नावात जंगल! या संदिग्धतेचा फायदा सर्वांनी घेतला. गुरे मात्र तेथेच चरत राहिली. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल ही वनजमीनच समजावी असा निर्णय दिला; १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांसाठी वेगळी वाट ठेवली. हा निर्णय अनेकांना विकासविरोधी वाटला. माझे मत निराळे आहे. वनजमीन ठरल्यावर खाणीसाठी १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते, हा त्याचा एक भाग झाला. दुसरा भाग फारसा चर्चिला गेला नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये सामूहिक हक्कांचा उल्लेख करताना ‘निस्तार’ हाच शब्द, ‘कोणत्याही नावाने ओळखला जाणारा’ अशा पुस्तीसह, योजिला आहे. मालगुजारी-जमीनदारीच्या कचेऱ्यांतला शब्द संसदेच्या कायद्यात जाऊन बसला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले ते याच कायद्याने. तेव्हा झुडपी जर वन असेल, तर तिच्यावरील निस्ताराचा दावाही या कायद्याखाली मांडता येईल, असे मला वाटते. आणि अशा दाव्यात जुने निस्तारपत्रक हा पुरावा ठरू शकतो. निदान कोळसापट्ट्यातील गावांपुरती तरी ही पत्रके महसुली अभिलेखातून शोधून, त्यांतील शब्दांच्या अर्थांसह संपादित करणे, हे काम मराठीच्या अभ्यासकाला करता येण्याजोगे आहे. खाण गावाच्या वेशीशी येऊन ठेपण्यापूर्वी ते व्हावयास हवे.