मुनियेचे नाव

पावसाळ्यात उंच गवतात लाल मुनिया दिसते. पक्षी चिमणीहूनही लहान. पण विणीच्या काळात नर गुंजेसारखा लालभडक होतो व अंगावरचे पांढरे ठिपके खुलून दिसतात. तिचे शास्त्रीय नाव ‘अमंदावा अमंदावा’. हा शब्द लॅटिन भासतो खरा, परंतु तो आहे अहमदाबादचा अपभ्रंश! पूर्वी त्या शहरातून मुनिया पिंजऱ्यांत घालून परदेशी धाडीत. युरोपीयांच्या जिभेवर नगराचे नाव मोडले व पक्ष्यास चिकटले. १७५८ साली स्वीडनच्या लिनिअसने ते जातीचे नाव म्हणून नोंदविले. पुढे प्रजातीलाही तेच मिळाले, म्हणून ते दोनदा येते. बिचारीचे घरटे गवतात, नाव मात्र बाजारपेठेचे! तिला पकडण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. तरीही चोरून तिची विक्री होतेच.