पडून राहिलेलं इंजिन

होस्टेलचं गवत कापायचं पेट्रोल मशीन चार वर्षं स्टोअरमध्ये पडून होतं. आम्ही काय केलं, जुन्या पेट्रोलवर नवीन ओतलं आणि आळीपाळीने दोरी ओढली. इंजिन ढिम्म! शेवटी शिरोली एमआयडीसीतल्या एका मिस्त्रींकडे नेलं. त्यांनी आधी टाकीचा वास घेतला. "ह्ये पेट्रोल न्हवं, वार्निश झालंय."

मित्रांनो, पेट्रोलचा हलका भाग उडून जातो. उरलेला चिकट होऊन कार्बोरेटरच्या जेटचं बारीक भोक बुजवतो. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं (त्यातलं काही आपल्या उसाचंच!). ते पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाला बसतात, आणि इंजिनाकडे आधी जातो तो तळच.

मिस्त्रींनी टाकी रिकामी केली. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑईल सोडलं, दोरी हळू ओढून पिस्टन मोकळा आहे का पाहिलं. मग कार्बोरेटर खोलला. मी टाचणी पुढे केली तर ओरडलेच, "भोक मोठं करतोस व्हय?" नुसता क्लीनर आणि हवेचा फवारा. जेटमधून उजेड आरपार दिसला.

चौथ्या ओढीला मशीन धूर सोडत सुरू झालं. धूर मघाच्या ऑईलचा. आता काम संपलं की आम्ही पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवतो. रेक्टर सर आवाजावरून रागावतात, तो भाग वेगळा.