शेतीच्या समितीचा खर्च कोण करतो?

रात्रीच्या वर्गात आम्ही संसदेचा धडा वाचीत होतो. एका बाबांनी मध्येच विचारले, "दिल्लीहून खासदार शेती बघायला येतात. त्यांचं गाडीभाडं कोण देतं? शेती खातं देत असेल, तर खात्याची चूक ते कशी काढतील?"

बाबांनी नेमक्या जागी बोट ठेवले होते.

संसदेची शेतीवर एक समिती असते. १९८९ साली ती पहिल्यांदा नेमली गेली. तिच्यात ३१ खासदार असतात. लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. मंत्र्याला तिच्यात बसता येत नाही. शेती खात्याने यंदा किती पैसे मागितले, कशासाठी मागितले, हे ती तपासते. खात्याचे मोठे अधिकारी तिच्यापुढे बसून जाब देतात.

आता आपल्या गावचे बघा. बांधावरून तंटा झाला आणि पंच आले. पंचांचे जेवण एकाच भाऊबंदाच्या घरी झाले, तर दुसरा काय म्हणेल? निवाडा बरोबर असला तरी त्याला तो पटायचा नाही.

म्हणून समितीचा खर्च शेती खात्याकडून होत नाही. लोकसभेची स्वतःची कचेरी आहे. तिला सचिवालय म्हणतात. घटनेच्या ९८ व्या कलमाने तिचे नोकर वेगळे ठेवले आहेत. समितीची टिपणे काढणे, अहवाल छापणे, दौऱ्याची व्यवस्था करणे, ही कामे हेच नोकर करतात. समितीची वेगळी थैली नसते. लोकसभेच्या खर्चातच तिचा खर्च येतो. दरसाल हा खर्च देशाच्या अंदाजपत्रकात मांडतात. लोकसभा त्याला मंजुरी देते, आणि मग भारताच्या एकत्रित निधीतून पैसा निघतो. तो निधी कराच्या पैशातून भरतो. तुम्ही साबणाची वडी घेता, तिच्यावरच्या कराचा वाटाही त्यात जातो.

अमेरिकेत रीत निराळी आहे. तिथले प्रतिनिधिगृह दर दोन वर्षांनी ठराव करून शेती समितीला रक्कम नेमून देते.

कोणी म्हणेल, एवढे दौरे कशाला? पैसा वाचवा. आम्हांला हे पटत नाही. दौरा बंद झाला, तर समिती दिल्लीत बसून खात्याने दिलेले कागदच वाचील. मार्च २०१२ मध्ये ही समिती यवतमाळ जिल्ह्यात आली होती. भांबराजा गावच्या कापूस पिकवणाऱ्यांनी तिला आपल्या गावातल्या आत्महत्या सांगितल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बियाण्यांच्या प्रश्नावर समितीचा अहवाल आला. वेगवेगळ्या पक्षांचे खासदार होते, पण अहवाल एकमताने झाला. समितीचा सल्ला सरकारवर बंधनकारक नसतो, हे खरे. तरी सरकारला त्याचे उत्तर द्यावे लागते.

बाबांचे समाधान झाले नव्हते. "आणि ह्या खर्चाचा हिशेब कोण बघतो?"

आम्ही सांगितले, महालेखापरीक्षक बघतात. ते सरकारच्या हुकमाखाली नसतात. त्यांचा अहवाल संसदेपुढे ठेवतात.

"शेतीच्या समितीचा अहवाल आम्हाला वाचायला मिळतो का?"

मिळतो. हिंदीत आणि इंग्रजीत.

"मराठीत का नाही?" बाबांनी विचारले. सारा वर्ग आमच्याकडे बघू लागला.