लोकमताचा पाठ : उद्यान कोणासाठी?



लोकमत म्हणजे काय, हे व्याख्या पाठ करून उमगत नाही. त्यासाठी पुढील उदाहरण वर्गात मांडावे. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकरांवर उद्यान करण्याच्या प्रस्तावावर जानेवारी २०२४ मध्ये क्लबच्या सभासदांनी मतदान केले. ७०८ पैकी ५४० मते अनुकूल पडली. जागा मात्र सार्वजनिक मालकीची, आणि २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे सव्वा कोटी! मग यास लोकमत म्हणावे काय? मुलांना बोलू द्यावे.

नंतर धुळ्याच्या देवपुरात यावे. पांझरेकाठी उद्यान करावयाचे झाल्यास कोणास विचारावे? मुले बहुधा वडीलधाऱ्या पुरुषांचीच नावे घेतील. त्यांना घरी आजी, आई व धाकटी भावंडे यांस विचारून येण्यास सांगावे. कोणास सावली हवी असेल, कोणास दिवा, कोणास झोपाळा; कोणास उद्यानच नको असेल. सर्व मते फळ्यावर लिहावी. विरोधी मत पुसू नये.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास योजनेच्या प्रारूपावर नागरिकांस हरकती व सूचना देता येतात, हेही सांगावे. शाळेत ज्यास कोणी मत विचारले नाही, तो पुढे ते मांडण्यास धजत नाही.