ठिणगीचा क्रम

मागील प्रकरणात पाहिलेल्या चार धावांच्या चक्रात भुजादंडाचे, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत क्रँकशाफ्टचे, दोन फेरे पूर्ण होतात व तेवढ्यात प्रत्येक सिलिंडरात एकदाच ठिणगी पडते. सिलिंडर चार असल्यास दर अर्ध्या फेऱ्याला एक ठिणगी हवी. ती कोठे पडावी, हे मात्र भुजादंडाची घडण ठरविते.

दिल्लीत अनेक दशके टॅक्सी म्हणून धावलेल्या अँबॅसडरचे १४८९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल एंजिन घेऊ. (उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ही गाडी २०१४ पर्यंत बाहेर पडत होती.) रेडिएटरकडील सिलिंडर पहिला. पहिला व चौथा दट्ट्या एकाच वेळी वर येतात. तसेच दुसरा व तिसरा. म्हणजे सरळ १-२-३-४ हा क्रम अशक्यच. पहिल्यानंतर दुसरा किंवा तिसरा, मग चौथा, मग उरलेला. असे दोनच क्रम संभवतात. अँबॅसडरमध्ये १-३-४-२ हा क्रम आहे. कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीतही तोच होता.

ठिणगी वाटण्याचे काम डिस्ट्रिब्युटर करतो. तो भुजादंडाच्या निम्म्या गतीने फिरतो. मिनिटाला ३००० फेरे होत असता त्याला सेकंदाला १०० ठिणग्या पोचवाव्या लागतात!

तारा जोडताना पहिल्या सिलिंडराचा प्लग काढून भोकावर अंगठा धरावा व एंजिन हाताने फिरवावे. हवेचा दाब अंगठ्याला ढकलू लागला म्हणजे संपीडन धाव आली. पुलीवरील खूण जुळताच डिस्ट्रिब्युटरमधील रोटर ज्या घराकडे रोखलेला असेल ते पहिल्याचे. तेथून रोटर फिरतो त्या दिशेने ३, ४, २. अँबॅसडरमध्ये ही दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलट असते, आणि नवशिक्या येथेच फसतो. उलट्या दिशेने जोडल्यास १ व ४ आपल्या जागी राहतात, २ व ३ यांची अदलाबदल होते. एंजिन दोन सिलिंडरांवर कसेबसे धडधडते. उरलेल्या दोहोंत ठिणगी निष्कासनाच्या अखेरीस पडते, तेव्हा आत येण्याची झडप उघडू लागलेली असते आणि कार्बुरेटरमधून फटाका वाजतो.

याहून गंभीर गोष्ट हँडलची. डिस्ट्रिब्युटर जागेवर आवळताना ठिणगी फार लवकर पडेल असा बसला, तर वर येणारा दट्ट्या माघारी ढकलला जातो व हँडल उलटे झटकते. अशा झटक्याने मनगट मोडू शकते. म्हणून हँडल धरताना अंगठा दांड्याभोवती गुंडाळू नये, चारही बोटांच्या बाजूलाच ठेवावा. हँडल खाली दाबू नये, वर ओढावे.